नडगी

चाळीस वर्षांत त्याच्या पायांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.
डोकं, मनगट, बरगडी, गळा,
मार खायच्या जागा तेवढ्याच, ठरलेल्या.
पाय आपले त्याला इकडून तिकडे नेणारे,
जुन्या गड्यासारखे.
त्यांना कुणी काही विचारायचं नाही,
त्यांनीही सांगायचं नाही.

आता दर गुरुवारी सातला, शाळेच्या व्यायामशाळेत,
उएमात्सु फतकल मारून बसतो
आणि नडगीवर चिलखत बांधतो.
गाठ सुटते. पुन्हा बांधतो.
अकिताचं बर्फ खिडकीच्या कमरेपर्यंत आलंय.
रॉकेलच्या शेगडीवर किटली,
आणि लाकडी जमीन
अनवाणी तळव्याला अशी चावते
की जणू तिचं काही देणं राहिलंय.

समोर इसोए कुदो.
अठ्ठावन्न वर्षांची. शाळेची बस चालवते.
तिच्या हातात तिच्याहून दीड हात उंच दांडा,
टोकाला बांबूचं वाकडं पातं.
त्याच्या हातात छातीपर्यंत येणारी काठी.
लांबून सगळं तिचं,
जवळ शिरलो की सगळं माझं.
हे गणित त्याला पहिल्याच संध्याकाळी सुटलं होतं.
जवळ शिरता आलं नाही, ते वेगळं.

एकदा मात्र शिरला.
तो पहिला हिवाळा.
वार सरळ तिच्या कपाळावर निघाला होता
आणि शेवटच्या वितीत त्यानं तो सोडून दिला,
कापूस ठेवावा तसा.
बाईमाणूस, असं तो म्हणाला नाही.
खांदे म्हणाले.

ती थांबली. मागे सरली.
रीतसर वाकली.
मग मुखवट्याच्या जाळीतून आवाज आला:
"उएमात्सुसान, हा मुखवटा मी हप्त्यानं घेतलाय.
सव्वीस हप्ते.
जरा वसूल होऊ द्या."

पुढचा त्यानं मारला.
खरा, टाचेतून उचललेला,
एवढा की किटलीचं झाकण हललं,
निदान त्याला तसं वाटलं.
जाळीमागे ती हसली की कण्हली, कळलं नाही.
कळेपर्यंत दांडा फिरला होता.

"सुने!"

तिकडे नडगीला सुने म्हणतात.
मारायची जागा ओरडून सांगायची, असा नियम.
आपला कान मात्र त्या शब्दापाशी अडखळतो,
कारण आपल्याकडे घरं सुनी असतात,
संध्याकाळी असतात,
आणि त्यांच्यावर असं नेमकं
कुणी मारत नाही.

उएमात्सुला यातलं काही ठाऊक नाही.
त्याला एवढंच ठाऊक
की हाडातून एक पांढरी रेघ वर गेली
आणि चाळीस वर्षांचा मुका गडी बोलला.

घामेजलेले, दोघं भिंतीला टेकून बसतात.
ती मनगट चोळते. तिथे निळं पडलंय, त्याचं काम.
तो नडगी चोळतो.
माफी कुणी मागत नाही.
ती बार्लीचा चहा ओतते, स्वतःला आधी.
"तुमचा डावा खांदा आधी सांगतो," ती म्हणते.
"काय?"
"सगळंच."

रात्री तो सेन्दाईला फोन लावतो.
मुलगी. बारा वर्षांची होईपर्यंत
रोज त्याच्याशी काठी खेळायची,
मग एके दिवशी चिलखत घडी करून ठेवलं
आणि बास्केटबॉल घेतला.
"मी तुला कधी," तो विचारतो,
"खरं मारलं होतं का?"
पलीकडे भांडी थांबतात.
"बाबा, पडलात का कुठे?"
"नाही. हो. पायाला लागलंय."
"बर्फ लावा."
"बर्फ आहे," तो म्हणतो. "बर्फ भरपूर आहे."
ती लगेच फोन ठेवत नाही.
तोही.

सकाळी दारातलं बर्फ तो फावड्यानं ओढतो,
उजवा पाय जपून.
पिवळी बस वळणावर मंदावते.
उतार आहे, रस्ता निसरडा आहे,
तिथे सगळेच मंदावतात.