पहिली दोन मिनिटं

नियम फळ्यावर होते:
फोनला रेंज नको. दिवा एकदा थरथरावा.
"आलेच हं" म्हणणारी परत येऊ नये.
आणि आईबाप घरी नसावेत.

शेवटचं सोपं. इओलो म्हणाला, आमच्याकडे या.

मर्थरच्या चढावर शेवटून दुसरं घर.
केरिस तीनदा मेली,
तिसऱ्यांदा कुठे हसू आवरलं.
केचपचा ओघळ फ्रिजपासून दारापर्यंत.

मग कुलपात किल्ली फिरली,
स्क्रिप्टात नसलेली.

रात्रपाळीहून आई, अंगात वॉर्डाचा निळा गणवेश.
किंचाळली नाही. ओघळ ओलांडून किटली लावली,
वाकून पाहिलं:
"रक्त इतकं लाल राहत नाही रे.
थोडी कॉफी घाल त्यात."

कॅमेरा चालूच होता.
एडिटिंगला सगळे म्हणाले, सुरुवात हीच.
इओलो एकटा
नको म्हणाला.