दोन अर्धे

रत्नागिरीत ऑफिसातल्या फायलींनासुद्धा बुरशी यायची.
इथं नाशकात ऊन कसं खडखडीत,
वाळल्या पापडासारखं.

"नांदूरमधमेश्वर," मी म्हणालो.
कंडक्टरनं आधारकार्ड मागितलंच नाही,
नुसतं डोक्याकडं बघितलं.
"दोन अर्धे."
शालन खिडकीकडं तोंड करून हसत राहिली.
माझं शेवटचं अर्धं तिकीट
आजोळच्या वाटेवर फाटलं होतं.

मनोऱ्यावर दुर्बीण एकच, ती तिच्याकडंच.
"अहो, चमचे आलेत, चमचे!"
लांब चोचींचे पांढरे पक्षी गाळ ढवळत होते,
साखर विरघळत नसल्यासारखे.

आज वार कोणता?
मला आठवेना.
तिनं द्राक्षांचा पुडा पुढं केला.
"आंबट निघाली तर उद्या परत येऊ,
भांडायला."