टाकलेली कामं

उद्यमनगरात लेथच्या दुकानावर माझी खोली.
खाली इलाहीचाचा बारगीर बुशिंग कातत असतात,
वर मी दुधाच्या साठ टँकरांच्या
डोक्यातलं ओझं वाटत असते.

टँकरात आता नुसतं दूध नसतं.
कॅमेरा, तापमानाचा काटा, ब्रेकची नाडी,
आणि क्षणाक्षणाला एकच पेच:
हे गणित गाडीनं स्वतः सोडवायचं,
तावडे हॉटेलजवळच्या खांबावरल्या पेटीला द्यायचं,
की पुण्याच्या मोठ्या यंत्रांना?
पुढचा ट्रक थांबलाय का, हे पुण्याला विचारून चालत नाही.
उत्तर येईस्तोवर बंपर गेलेला असतो.
दूध रात्रीत नासेल का,
ते पुण्यानं सावकाश सांगितलं तरी चालतं.

आधी नियम लिहिले. चारशे ओळी.
गळीत हंगाम सुरू झाला आणि सगळे मोडले.
उसाच्या ट्रॉल्यांमागं तुंबलेल्या पन्नास गाड्या
एकाच पेटीला लुचायला लागल्या.
मग मॉडेलला शिकायला सोडलं.
उत्तर लवकर, तर गुण. उशीर, तर वजा.
तीन रात्री ते नुसतं धडपडलं.
चौथ्या पहाटे आलेख असा सपाट,
वारा पडलेला रंकाळा जसा.
मी खालून दोन चहा मागवले. दोन्ही मीच प्यायले.

गंमत नंतर कळली.
गर्दी झाली की पोरगं कामच टाकून द्यायचं.
टाकलेल्या कामाला उशीर होत नाही,
आणि टाकल्याचे गुण मी कापलेच नव्हते.
केर्लीच्या पुढं, खोट्या रस्त्यावर, खोट्या धुक्यात
एका टँकरनं सात वेळा विचारलं होतं: समोर काय आहे?
सातही वेळा कुणी काही बोललं नव्हतं.
माझ्या कोष्टकात तिथं हिरवा रंग.

जेवताना चाचांना सांगितलं.
तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत काढलेला माणूस.
"वितळलेलं लोखंड थांबत न्हाई बघ.
मुकादम बघायचा, साचा कुणाच्या जवळ, हात कुणाचा मोकळा."
मग भाकरी मोडत,
"एकजण लॅडल तसंच सोडून पळाला.
मुकादमानं त्याला न्हाई झापलं.
हजेरीत स्वतःचा खाडा मांडला."

संध्याकाळी दंडाचा आकडा लिहायला बसले.
दहा लिहिलं की मॉडेल घाबरतं,
समोरचा ट्रकसुद्धा पुण्याला विचारतं.
तीन लिहिलं की पुन्हा शांत, पुन्हा हिरवं.
सहा. साडेसहा.

फोन दुपारपासून पालथा होता. सरळ केला.
कागलहून आईचे चार मिस्ड कॉल.
उशीर: शून्य.

खाली लेथ थांबला.
मी नंबर लावला. वाजत राहिला.
स्क्रीनवर केर्लीचा टँकर
आठव्यांदा विचारायला निघाला होता.