डार्करूमची काच

वडगावच्या विणकर गल्लीत
जिथं निंगव्वाचा खड्डामाग होता
तिथं आता समुद्र आहे,
चार फूट लांब, दीड फूट खोल,
तोही विकतच्या मिठाचा.
खड्डा बुजवला, वर फरशी घातली,
तरी विरूपाक्ष टाकीवर वाकतो तेव्हा
आईसारखाच, डावा खांदा खाली टाकून.

त्यानं मला बोलावलं प्रवाळांचे फोटो काढायला.
मडगावचा कुणी व्यापारी तुकडे घेणार होता, फोटो बघून.
मोबाइलमध्ये यायचं ते निळं, नुसतं निळं,
दौत लवंडल्यासारखं.
"डोळ्याला दिसतंय ते ह्याला का दिसत न्हाई, मामा?"
चाळीस वर्षं खडेबाजारात पासपोर्ट फोटो काढले मी.
हेच विचारायचं प्रत्येक गिऱ्हाईक,
स्वतःच्या चेहऱ्याबद्दल.

आधी कुंद्याच्या खोक्यावरचा जिलेटिन कागद लावून बघितला.
त्याच्या सुरकुत्यांनी माशांना म्हातारपण आलं.
"दुसरा हळदी कागद बघ," म्हणालो.
त्याच्या कानडीत हळदी म्हणजे रंग,
माझ्या मराठीत स्वयंपाकघर.
कागद तेवढा घरात नव्हता.

मग आठवली ती काच.
डार्करूमच्या दिव्यावरची, काकवीच्या रंगाची,
पंधरा वर्षं निगेटिव्हच्या डब्यांमागं
तोंड फिरवून बसलेली.
कागदाची झोप मोडेल असा उजेड अडवायचा,
एवढीच तिची नोकरी.
बनियनमध्ये गुंडाळून सायकलवरून आणली.

पंप बंद केला. पाणी थांबेपर्यंत थांबलो.
फ्लॅश नाही. मोबाइल टाकीच्या अगदी समोर,
जरा तिरका झाला की फोटोत माझंच टक्कल.
आणि लेन्सपुढं काकवी धरली.

निळा ओसरला.

निंगव्वा मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
सुतं मोजावीत तशी
पडद्यावर बोट ठेवत गेली:
"हे डाळिंबी. हा रामा.
हे आंबा, पाडाला आलेलं.
ही कड गुलबक्षी. आणि हे..."
बोट तिथंच राहिलं.
"ह्याला नाव न्हाई बघा.
आमच्यातल्या कुणाच्या हातनं हे झालं न्हाई."

व्यापाऱ्याचं उत्तर रात्री आलं.
फिल्टर लावलेले नकोत. खरे फोटो पाठवा.

विरूपाक्ष माझ्याकडं बघत राहिला.
काय सांगणार?
नवरदेवांच्या गालांवरचे देवीचे व्रण
ब्रशनं भरून काढले मी,
कुणी खोटं म्हणालं नाही.
आज काही चढवलं नव्हतं,
नुसतं काढून घेतलं होतं.

तेवढ्यात लाइट गेली.
बॅटरीचा पंप कुठं, म्हणत तो आत धावला.
निंगव्वा काच डोळ्याला लावून
काळ्या पाण्यापुढं फरशीवर बसली,
पाय पूर्वी जिथं खाली सोडायची
बरोबर तिथं.