उतार

पहाटे सव्वाचारला सहकारनगरातून निघालो
तेव्हा वॉचमननं विचारलं, "गाडी बिघडली का, साहेब?"
उपेंद्र म्हणाला, "हो."
एवढ्यावर गोकर्णापर्यंतचा सगळा खुलासा
आम्ही मिटवून टाकला.

कात्रजच्या जुन्या घाटात पहिलं भांडण,
वजनावरून.
यानं टूथब्रशची दांडी कापून अर्धी केलेली,
आणि माझ्या मागच्या पिशवीतून निघाला
पितळी खलबत्ता.
"मग लसूण काय दगडानं ठेचू?"
"हो. दगड रस्त्यात फुकट मिळतात."
पुढे बोगद्यात त्याचं ते 'फुकट'
दोनदा परत आलं.

सायकलवर नवरा-बायको समोरासमोर नसतात.
त्याच्या हँडलच्या आरशात रुपयाएवढी मी,
आणि मला दिवसभर त्याची पाठ,
शर्टावर वाळलेल्या मिठाची पांढरी किनार.
सव्वीस वर्षं एका टेबलाशी जेवून
हे कधी दिसलं नव्हतं:
डावा खांदा जरासा खाली.
कधीपासून?
वाऱ्यात ओरडून विचारावं लागलं असतं.
नाही विचारलं.

कापूरहोळच्या पुढे पंक्चर.
एका घरातून बाईनं घमेलंभर पाणी दिलं,
ट्यूब बुडवून आम्ही बुडबुडे शोधत बसलो.
"मोटार न्हाई व्हय तुमच्याकडं?"
"आहे की," उपेंद्र म्हणाला.
ती जरा वेळ बघत राहिली,
मग आत जाऊन गुळाचे दोन खडे घेऊन आली,
आजाऱ्यांना द्यावेत तसे.

भाटघरच्या पाण्याकाठी तंबू ठोकला.
उजेडात जागा सपाट वाटली होती.
रात्री कळलं, जमीन त्याच्या बाजूला उतरते.
मी घरंगळत त्याच्या अंगावर,
कोपरानं रेटा देऊन पुन्हा वर,
पुन्हा खाली.
तिसऱ्या वेळी त्यानं नुसता हात उचलला
आणि जागा केली.

ऑपरेशन झालं तेव्हा छातीला धक्का नको म्हणून
आमच्या मधे एक उशी आली होती.
टाके कधीच भरून आले.
उशीला जा म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.
ती घरी राहिली होती,
वजन नको म्हणून.

गोकर्णाचं काय सांगायचं?
समुद्र होता.
परत येताना सायकली बसच्या टपावर
आणि आम्ही खाली, पाय सुजवून, अनोळखी माणसांसारखे
एकेका खिडकीला.

घरचा पलंग अगदी सपाट.
दोन रात्री दोघंही काठाकाठानं झोपलो.
तिसऱ्या रात्री हा उठला,
अंधारात माळ्यावर काहीतरी चाचपलं,
आणि माझ्या बाजूच्या पायाखाली
जुनी टेलिफोन डिरेक्टरी सरकवू लागला.
मी दिवा लावला नाही.
"दुसऱ्या पायाखाली काय घालू?" त्यानं जमिनीवरूनच विचारलं.

ओट्याखाली आहे, म्हटलं,
खलबत्ता.