उजव्या बाजूला, वर

धंतोलीतल्या त्या केंद्रात एसी इतका गार
की बाहेरचे पंचेचाळीस अंश कुणीतरी उगाच पसरवलेली अफवा वाटावेत.
पासपोर्ट पाहिला. फोटो काढला. वजन, उंची.
एका डोळ्यावर तळहात ठेवून अक्षरं वाचायची,
शेवटची ओळ मी अंदाजानं सांगितली,
बरोबर निघाली.

मंगळसूत्र काढा, पोरगी म्हणाली, बांगड्या राहू द्या.
मागे नाडी असलेला निळा झगा,
त्याची एक नाडी तुटलेली.
हनुवटी इथं. खांदे पुढं. अजून पुढं.
श्वास घ्या. रोखा.
सवय आहे, म्हटलं.
तिनं ऐकलं नाही, ती काचेपलीकडे गेली होती.

मग आत बोलावलं, दोघांनाही.
डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाचे.
पडद्यावर माझ्या फासळ्या,
आणि उजव्या बाजूला, वर,
पेनाच्या टोकाजवळ काहीतरी पांढुरकं,
घाईत घातलेल्या टाक्यांसारखं.
पूर्वी कधी टीबी झाला होता?
फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलंय.

फॉर्म प्राजक्तानं भरला होता, मेलबर्नहून,
रात्री जागून, सातव्या महिन्याचं पोट टेबलाला टेकवून.
तिला कोण सांगणार होतं?

चौऱ्याऐंशी साल.
टांडापेठेतून मेयोपर्यंत श्रावणदादाच्या सायकलवर, मागे,
रोज एक इंजेक्शन, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे,
बसायची पंचाईत.
गोळ्यांनी लघवी संत्र्याच्या रंगाची व्हायची,
मी दोन बादल्या पाणी ओतायची मोरीत.
आईनं आळीत सांगितलं होतं, पोरगी शिवणक्लासला जाते.
खरं वाटावं म्हणून पिशवीत कात्री, टेप, खडू.
दीड वर्ष गोळ्या. मग बरी झाले.
मग स्थळ आलं, 'शिवणकाम येतं' असं लिहिलेलं,
आणि सासूबाईंनी हौसेनं मशीन घेतली,
पायाची, नवी.

तिच्यावर मी काय काय बिघडवलं!
बाह्या उलट्या, गळे वाकडे,
काज तर एकही धड नाही.
सासूबाई गेल्या तेव्हाही म्हणत होत्या,
क्लासवाल्या बाईनं फसवलं गं तुला.

हे शेजारच्या खुर्चीत.
अंबाझरीच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं, रोज गेटवर झडती,
त्यामुळे कुठल्याही खोलीत गेले की
हात आपोआप खिशाबाहेर.
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
डॉक्टरांकडेही नाही.
पडद्यावरच्या बाईकडे पाहत म्हटलं,
हो. झाला होता. मेयोत औषध घेतलं. कागद नाहीत.

एसीचा आवाज.
मग हे सावकाश म्हणाले,
"म्हणूनच तुले काज नाही जमलं होय.
मले वाटे, आळशी हायेस."

डॉक्टर काही समजले नाहीत. लिहीत राहिले.
जुना डाग असेल, पण थुंकी तपासावी लागेल,
तीन दिवस, सकाळी, उपाशीपोटी.
मग नळीत ठेवतात,
जंतू उगवतात का बघायला. आठ आठवडे.
तिकीट पुढं ढकला.
मी बोटांवर मोजलं. बाळ आमच्याआधी पोचेल.

बाहेर लोखंडी कठडा हाताला चटका देत होता.
रिक्षा थांबवताना हे एवढंच बोलले,
"श्रावणला ठावं होतं?"
हो.
"बरा माणूस होता."
बर्डीपर्यंत पुन्हा काही नाही.
मंगळसूत्र माझ्या मुठीतच होतं,
गच्च धरून घामेजलेलं.

पेरलेलं उगवू नये म्हणून वाट पाहायची,
अशी वाट मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता,
कूलर बंद करून मी गच्चीवर गेले.
खोलून खोकायचं असतं, पोटातून,
एकेचाळीस वर्षं जे पदरात दाबलं ते मोठ्यानं.
समोरच्या गच्चीवरची आत्राम बाई उठून बसली.
हे जिन्यात उभे, हातात डबीचं झाकण.
"खोक," म्हणाले, "ऐकू दे तिले."
झाकण त्यांनीच लावलं. फिरवून,
पुन्हा एकदा फिरवून.