पाटी

खुशाल धाबर्डे एकतीस वर्षं
सोनेगावच्या विमानतळावर पाटी धरून उभे राहतात.
पाटी तीच, एक कोपरा उडालेला.
रोमन लिपी त्यांना शाळेनं दिली नाही,
पाहुण्यांच्या आडनावांनी दिली.

सुरुवातीची आडनावं जर्मन. लांब.
एकदा तर पाटी संपली आणि नाव उरलं,
तेव्हा शेवटची दोन अक्षरं तळहातावर लिहून
हात पाटीला लावून धरला.
बाईनं हसून तोच हात हातात घेतला.
थोडी शाई जर्मनीला गेली.

मग दुर्बिणीवाली इंग्रज जोडपी.
कामठी रोड, मनसर, आणि मागच्या सीटवर झोप.
नागपूर त्यांच्यासाठी एक प्रश्न होता :
इथून वाघ किती लांब?

मग एका हिवाळ्यात जपानी भिक्खू.
त्यांनी अंतर विचारलं नाही.
दीक्षाभूमीच्या फाटकाशी चपला काढल्या,
सिमेंट तापलेलं होतं तरी.
खुशालभाऊंची आई दर दसऱ्याला भाकर बांधून
इथंच यायची, पायी.
त्या दिवशी पहिल्यांदा गाडी लॉक करून
ड्रायव्हरही पाहुण्यांमागून आत गेला.

मुलगी, प्रणोती, एम.ए.च्या वहीत आलेख काढते :
युरोपची रेघ सपाट होत जाते, आशियाची चढते.
"मले म्हाईत हाये," ते म्हणतात,
"मार्कर आता लवकर संपत नाही.
किम. ली. न्गो. झालं.
थायलंडवाले आले की मात्र
पुन्हा कोपऱ्यापर्यंत जा लागते."

आलेखात एका जागी रेघ विहिरीत पडते.
त्या दोन वर्षांत पाटीवर लिहिलं होतं :
वांगे, चाळीस रुपये.
पुसलं तरी तिरपं धरलं की अजून दिसतं,
जर्मन बाईच्या नावावर, कोरियन नावाखाली.

आता निम्म्या फेऱ्या उलट्या दिशेच्या.
मानेवाड्याचे ढोमणे बाकूला चालले,
शेजारचे वाकोडीकर हनोईला,
बॅगेत चिवडा, वर टेपचे चार वेढे.
परवा वाकोडीकरांनी फोटो दाखवला :
तिकडच्या विमानतळावर एक पोरगा,
हातात पाटी, तिच्यावर 'वाकोडीकर',
एक अक्षर गाळून.

खुशालभाऊंनी फोन जवळ घेतला,
डोळ्यांपासून लांब नेला, पुन्हा जवळ आणला.
"पोट्ट्यानं पाटी लय खाली धरली," म्हणाले.
"छातीशी धरा लागते.
मानसाले आपलं नाव
लांबूनच दिसलं पाह्यजे."